घोळणा फुटला, आता काय?

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. इंदूरला असते. आमच्या इथल्या मराठी घरांत ‘घोळणा फुटला’ म्हणतात, शेजारची मंडळी ‘नकसीर फूट गई’ म्हणतात, आणि माझी बडोद्याची मावशी ‘नसकोरी फुटली’ असं अर्धं गुजराती अर्धं मराठी म्हणते. रक्त मात्र सगळीकडे तितकंच लाल असतं आणि घाबरगुंडीही सगळीकडे तितकीच उडते.

लहान मुलांच्या नाकातून रक्त येणं आपल्याला ओळखीचं आहे. आज मी मोठ्या माणसांबद्दल बोलणार आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला माणूस, आयुष्यात कधी घोळणा फुटलेला नाही, आणि एके दिवशी तोंड धुताना बेसिन लाल होतं. अशा वेळी डोक्यात पहिला विचार येतो तो ब्रेन हॅमरेजचा, दुसरा कॅन्सरचा. खरं कारण बहुतेक वेळा या दोन्हींपेक्षा फार साधं असतं. पण घाबरून आपण जे करतो, त्यातून कधी कधी मोठा घोटाळा होतो. असाच एक घोटाळा आधी सांगते. त्यात थोडा वाटा माझाही आहे.

मे महिना होता. रात्री दोनच्या सुमाराला एका काकांना कॅज्युअल्टीत आणलं. वय ६४, बँकेतून निवृत्त. चार महिन्यांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. त्या दिवसांत इंदुरात दुपारी लू चालते आणि रात्री माणसं एसी १८ वर लावून झोपतात. काकांना झोपेत उशी ओली लागली, दिवा लावला तर उशी लाल. मग घरात जे होतं ते सगळं झालं. त्यांना उताणं झोपवलं, मान मागे केली. डोक्यावर गार पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या. कांदा फोडून नाकाशी धरला. कुणीतरी बीपीचं मशीन काढलं, आकडा आला १९० वर ११०. वरच्या मजल्यावरचे शेजारी धावत आले आणि त्यांनी त्यांच्या वडिलांसाठी कधीतरी आणून ठेवलेली बीपीची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळली. रक्त थांबेना. वीस मिनिटांनी काकांना काळपट लाल उलटी झाली. आता पोटातूनही रक्त येतंय म्हणून काकू रडायला लागल्या.

माझ्यासमोर आले तेव्हा काका ओल्या बनियनमध्ये कुडकुडत होते, चेहरा पांढराफटक, बीपी १०० वर ६०. ईसीजी काढला, सुदैवाने ठीक होता. मी त्यांना उठवून बसवलं, पुढे वाकवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला आणि घड्याळ बघत बसले. बारा मिनिटांत रक्त थांबलं. आत बघितलं तर नाकाच्या पडद्यावर डाव्या बाजूला, अगदी पुढे, मोहरीच्या दाण्याएवढा एक ठिपका होता. सगळं रामायण तेवढ्या ठिपक्याचं. सिल्व्हर नायट्रेट लावून तो बंद केला, सकाळपर्यंत लक्ष ठेवलं, आणि नाकात बोट घालू नका, मलम लावा, ओझं उचलू नका, असं सांगून घरी पाठवलं.

दहा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. काका आयसीयूत होते. हार्ट अटॅक, स्टेंटमध्येच गुठळी. घरी गेल्यापासून त्यांनी रक्त पातळ करण्याच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या होत्या. मुलगा म्हणाला, “मॅडम, त्या गोळ्यांमुळेच रक्त आलं ना? म्हणून आम्हीच थांबवल्या.” कुणी त्यांना थांबवा म्हटलं नव्हतं. पण थांबवू नका, असंही मी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, ते तर हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच असेल. त्यांनी स्टेंट बसवताना सांगितलंही होतं; पण नाकातून रक्त आल्यावरसुद्धा चालू ठेवायच्या, हे कोण कशाला सांगेल? ते माझं काम होतं.

काका वाचले. पण आधीसारखे राहिले नाहीत, जिना चढताना दोनदा थांबतात. तेव्हापासून मी हा विषय जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

आता नाकाकडे वळू. आपलं नाक रोज सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतं. ती हवा फुप्फुसात जायच्या आधी कोमट आणि ओलसर करून द्यायची, हे नाकाचं काम. त्यासाठी आतल्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे, अगदी पृष्ठभागाशी. दोन नाकपुड्यांमधला जो पडदा आहे, त्याच्या पुढच्या-खालच्या भागात चार-पाच धमन्यांच्या शाखा येऊन एकमेकींना मिळतात. काही मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या, काही चेहऱ्याकडे जाणाऱ्या. एखाद्या चौकात पाच गल्ल्या मिळाव्यात तसं. या जागेला लिटल्स एरिया म्हणतात. जेम्स लिटल या अमेरिकन सर्जननी १८७९ मध्ये तिचं वर्णन केलं. तिथल्या जाळ्याला जर्मन डॉक्टर किसेलबाख यांचं नाव आहे.

गंमत अशी की हा चौक अगदी दारात आहे. बाहेरची कोरडी हवा पहिल्यांदा इथेच आपटते, धूळ इथेच बसते, आणि माणसाचं बोटही नेमकं इथपर्यंतच पोचतं. अस्तर इथे पातळ, खाली लगेच कूर्चा, मध्ये रक्तवाहिनीला दबून बसायला गादी नाही. त्यामुळे दहातले नऊ घोळणे इथूनच फुटतात. आणि म्हणूनच ते बाहेरून दाबून थांबवता येतात. काकांच्या घरच्यांनी दोन बादल्या पाणी ओतलं, पण नाक कुणी दाबलं नाही.

दाबायचं कसं, ते आता माझ्याकडे बघून करा. खुर्चीत ताठ बसा. थोडं पुढे वाका, जेवताना ताटावर वाकतो तेवढंच. अंगठा आणि तर्जनी घ्या आणि नाकाचा खालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. वरचं हाड नव्हे. चष्मा टेकतो ती जागा दाबणारी माणसं मी रोज बघते. तिथे हाड आहे, ते कितीही दाबलं तरी आतल्या रक्तवाहिनीला पत्ताही लागत नाही. मऊ भाग, नाकपुड्या पूर्ण बंद होतील असा. घट्ट. तोंडाने श्वास घ्या. तोंडात रक्त आलं तर समोर भांड्यात थुंका, गिळू नका. आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं सोडायचं नाही.

हे ‘सोडायचं नाही’ सगळ्यांत अवघड असतं. दर मिनिटाला माणूस चिमटी सोडतो, थांबलं का बघतो, आणि जेमतेम धरलेली गुठळी निघून येते. भाताच्या कुकरचं झाकण सारखं उघडून बघितलं तर भात शिजेल का? माझ्याकडे ‘तासभर दाबलं, थांबलं नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांनी तासभरात साठ वेळा एकेक मिनिट दाबलेलं असतं.

मान मागे का नाही, तेही सांगते. मान मागे केली की रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. ते घशात उतरतं, पोटात जातं, आणि पोटाला रक्त मुळीच मानवत नाही. मग उलटी होते, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा काळपट. दुसऱ्या दिवशी शौचालाही काळं होऊ शकतं. काकांना झालं ते हेच. पोटाला काही झालेलं नव्हतं. रक्त श्वासनलिकेत गेलं तर मात्र खरंच जिवावर बेतू शकतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसाच्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाच्या.

गार पाणी, बर्फ, कांदा यांचं काय? बर्फाचा शेक नाकावर दिला तर बरं वाटतं, द्या, पण चिमटी चालू ठेवून. डोक्यावर पाण्याच्या बादल्यांचा उपयोग होतो याला काही आधार मला माहीत नाही. गारठून माणूस आणखी घाबरतो, एवढं मात्र बघितलंय. कांद्याबद्दल आजीचा मान राखून म्हणते, भाजीत घाला. दूर्वांचा रस नाकात पिळणारेही पुष्कळ आहेत. वाहत्या जखमेत अंगणातली माती-पाणी नको, एवढीच माझी विनंती.

आता कारणं. सगळ्यांत मोठं कारण सगळ्यांत कंटाळवाणं आहे: कोरडेपणा. उन्हाळ्यात लू, उत्तरेकडे थंडीत हीटर, बाराही महिने एसी. अस्तर सुकतं, खपली धरते, खपली खाजते, बोट जातं. लेहला फिरायला गेलेली बरीच मंडळी रुमालावर रक्ताचे डाग घेऊन परत येतात ते उंचावरच्या कोरड्या, थंड हवेमुळे. आपल्याकडे ‘उष्णता झाली’ म्हणतात ना, त्यात निरीक्षण चुकलेलं नाही. मे महिन्यात घोळणे जास्त फुटतात हे खरंच आहे. फक्त तो दोष आंब्याचा नाही, हवेतला ओलावा गेल्याचा आहे. तेव्हा गुलकंद खुशाल खा, पण नाकालाही काहीतरी द्या. जाता जाता एक सांगते. जुना वाळ्याचा कूलर हवेत ओलावा घालत होता, एसी तो काढून घेतो. आमच्या पिढीने कूलर भंगारात दिले आणि नाकाच्या डॉक्टरांचं काम वाढलं.

दुसरं कारण बोट. यावर मी जास्त बोलत नाही, तुम्हीही कबूल करणार नाही.

तिसरं कारण मात्र नवीन आहे आणि सुशिक्षित घरांत जास्त दिसतं. ॲलर्जीसाठी नाकात मारायचे स्टिरॉइडचे स्प्रे. औषध चांगलं आहे, मीच लिहून देते. पण मारायची दिशा चुकते. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारलं की फवारा सरळ मधल्या पडद्यावर जातो, रोज त्याच ठिपक्यावर. महिन्या-दोन महिन्यांत तिथून रक्त यायला लागतं. उपाय फुकट आहे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, आणि टोक बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे. माझ्याकडे एक बाई बेंगळुरूहून रिपोर्टांचं बाड घेऊन आल्या होत्या, सीटी स्कॅनसकट. हात बदलल्यावर महिन्याभरात त्यांचा त्रास संपला.

आता गोळ्या. इथे जरा थांबून ऐका.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या चिकट कणांना चिकटू देत नाहीत. वॉरफेरिन, ॲसेनोकुमारॉल, रिव्हारॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान या गोठण्याच्या पुढच्या पायरीवर काम करतात. या गोळ्यांनी नाकात भोक पडत नाही. ठिपका कोरडेपणाने फुटतो. गोळीमुळे तो बंद व्हायला वेळ लागतो. म्हणून या लोकांनी दहाऐवजी वीस मिनिटं दाबायची तयारी ठेवायची, आणि थांबलं नाही तर उशीर न करता निघायचं.

आणि आता ते वाक्य. नाकातून रक्त आलं म्हणून ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी सुरू केली त्यांना फोन करायचा. स्टेंट नवीन असेल तर हे शंभर वेळा. ॲस्पिरिनचा एखाद्या प्लेटलेटवर झालेला परिणाम ती प्लेटलेट मरेपर्यंत राहतो, म्हणजे सात ते दहा दिवस. तेव्हा आज रात्रीचं रक्त थांबायला आजची गोळी टाळून काहीच मिळत नाही. मिळते ती पुढच्या आठवड्यातली गुठळी. काकांच्या हिशोबात नेमकं हेच झालं.

वॉरफेरिनच्या कुटुंबातल्या गोळ्यांचं जरा वेगळं आहे. त्यांचा परिणाम आयएनआर नावाच्या तपासणीने मोजतात आणि तो दुसऱ्या औषधांनी एकदम वाढू शकतो. पोट बिघडलं म्हणून दुकानातून मेट्रोनिडाझोल आणून खाल्लं, आणि चार दिवसांनी नाकातून, हिरड्यांतून रक्त, हे मी बघितलेलं आहे. तिथे डॉक्टर कदाचित एखादा डोस थांबवतीलही. पण तो निर्णय आकडा बघून होतो, उशी बघून नाही. गुडघेदुखीच्या गोळ्याही लक्षात ठेवा: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक. स्टेंटच्या गोळ्या चालू असताना वर या घेतल्या की रक्त थांबणं आणखी लांबतं. काकांच्या खिशातही त्या आठवड्याची एक पट्टी निघाली होती.

आता बीपी. लोकांना ठाम वाटतं की बीपी वाढलं म्हणून घोळणा फुटला. त्याहून पुढची समजूत अशी, की नाकातून आलं ते बरं झालं, नाहीतर डोक्यात फुटलं असतं. प्रेशर कुकरची शिट्टी जणू. नाक आणि मेंदू यांच्यामध्ये अशी शिट्टी नाही. नाकातून रक्त गेल्याने मेंदू वाचत नाही आणि नाकातून रक्त आलं म्हणजे मेंदूत येणारच होतं असंही नाही. बीपीमुळे घोळणा फुटतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. काहींत संबंध दिसतो, काहींत नाही. दोन गोष्टी मात्र आम्ही रोज बघतो. ज्यांचं बीपी जुनं आणि बेताल आहे त्यांचं रक्त थांबायला जड जातं. आणि रक्त बघून घाबरलेल्या कुठल्याही माणसाचं बीपी त्या क्षणी वाढलेलं असतं. काकांचे १९० हे बरेचसे भीतीचे होते.

म्हणून त्या क्षणी बीपी उतरवायला जिभेखाली कॅप्सूल फोडणं हा धोक्याचा खेळ आहे. ती निफेडिपिनची कॅप्सूल. एके काळी दवाखान्यांतही ही पद्धत होती. पण त्याने बीपी एकदम, किती उतरेल याचा नेम न राहता, खाली येतं आणि मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकातच ती सोडून द्या असं सांगितलं गेलं. डॉक्टरांनी सोडली, शेजाऱ्यांनी नाही. रक्त थांबलं, माणूस शांत झाला, की अर्ध्या तासाने पुन्हा बीपी मोजा. तेव्हाचा आकडा खरा. तोही जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी आपल्या डॉक्टरांकडे जा. अनेकांना आपलं बीपी जास्त आहे हे घोळण्यामुळेच कळतं, तेवढं त्याचं पुण्य.

आता उरलेले थोडे, ज्यांच्यात कारण खरंच खोल असतं. इथे सगळ्यांची यादी वाचून घाबरू नका, फक्त खूण लक्षात ठेवा.

रक्त नाकाबरोबर हिरड्यांतूनही येतंय, अंगावर न लागता काळे-निळे डाग पडताहेत, पायांवर बारीक लाल ठिपके आहेत, तर भानगड नाकात नाही, रक्तात आहे. पावसाळ्यानंतर ताप येऊन असं झालं तर आधी डेंग्यूचा विचार करायचा. तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नाही. ताप नसेल तर प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंड आणि क्वचित रक्ताचा कॅन्सर, हे सगळं साध्या रक्ततपासणीपासून सुरू करून शोधता येतं. रोज पिणाऱ्यांच्या घरच्यांनी यकृताचं नाव मुद्दाम लक्षात ठेवावं. गरोदरपणातही नाकाचं अस्तर फुगतं आणि रक्त येतं. ते बहुतेक साधंच असतं, पण बीपी मोजून घ्यावं.

काही घरांत आजीला, वडिलांना, मुलाला, सगळ्यांनाच वरचेवर घोळणा फुटतो आणि ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर बारीक लाल टिकल्या असतात. हा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार आहे, ऑस्लर-वेबर-रेंडू. साधारण पाच हजारांत एकाला असतो. नाकाचं रक्त हा त्यातला दिसणारा भाग. फुप्फुसात, मेंदूत, यकृतातही तसल्याच रक्तवाहिन्या असू शकतात, म्हणून त्या घरातल्या बाकीच्यांनीही तपासून घ्यायचं असतं.

आणि एकाच बाजूने. हे वेगळं सांगते. नेहमी एकाच नाकपुडीतून रक्त, तीच नाकपुडी बंद वाटते, त्याच बाजूला कान दडा बसल्यासारखा, किंवा मानेत गाठ. असं मोठ्या माणसात असेल तर दुर्बिणीने नाकाच्या मागपर्यंत बघितल्याशिवाय कुणालाही ‘उष्णता आहे’ म्हणू देऊ नका. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला होणारा कॅन्सर भारतात एरवी विरळा, पण नागालँड, मणिपूर या भागांत बराच जास्त आहे. नोकरीनिमित्त तिकडे राहणारी, लष्करातली आपली मंडळी हे ऐकत असतील तर शेजाऱ्यांनाही सांगा.

एका बाजूच्या रक्ताची कारणं देश फिरावं तशी बदलतात, आणि मला हा भाग फार आवडतो. छत्तीसगड, ओडिशा, तमिळनाडू, केरळ या भागांत तळ्यात अंघोळ करणाऱ्यांच्या नाकात ऱ्हायनोस्पोरिडिओसिस नावाचा आजार होतो. आत लालभडक, पांढरे ठिपके असलेला मऊ गोळा, थेट स्ट्रॉबेरीसारखा. धक्का लागला की रक्त. ऑपरेशन करून काढावा लागतो आणि पुन्हा उगवण्याची खोड त्याला आहे. उत्तराखंड-हिमाचलात झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं की कधी कधी बारीक जळू नाकात जाते, तिथेच राहते, रक्त पिऊन फुगते. माणूस सांगतो, “नाकात काहीतरी वळवळतंय,” आणि घरचे म्हणतात भास होतोय. ट्रेकहून आल्यावर दोन-तीन आठवडे एका बाजूने थोडं थोडं रक्त येत असेल तर लाजू नका, वळवळ सांगा. काढणं सोपं असतं, ऐकवायला धीर लागतो.

नाक फुटण्यात उरलेला दहावा हिस्सा मागून येतो. मागची धमनी मोठी असते. हा बहुतेक वयस्कर माणसांचा प्रकार. पुढे वाकून, नाक घट्ट दाबूनही रक्त घशात ओघळत राहतं, दोन्ही नाकपुड्यांतून येतं, गुठळ्या थुंकाव्या लागतात. हे घरी थांबत नाही, प्रयत्न करत बसू नका. तसंच पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन फेरे नीट दाबून झाले, तरी चालूच असेल, म्हणजे अर्धा तास, तर निघा. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, डोक्याला मार लागून रक्त येत असेल, तर अर्धा तासही थांबू नका. माराच्या रक्तात पाण्यासारखं पातळ काही येत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. तिथे नाकात बोळे कोंबायचे नाहीत.

बोळ्यांवरून आठवलं. घरी कापूस कोंबू नका. तो खपलीला चिकटतो आणि आम्ही काढताना पुन्हा वाहायला लागतं. एकाच्या नाकातून मी तीन आठवडे जुना कापूस काढलाय. तो आला होता दुर्गंधीसाठी.

रुग्णालयात काय होतं याचीही भीती असते, तर तेही थोडक्यात. दुर्बिणीने जागा सापडली तर औषधाने किंवा विजेने ती जाळून बंद करतात, दोन-चार मिनिटांचं काम. दोन्ही बाजूंना समोरासमोर एकाच वेळी जाळत नाहीत, पडद्याला भोक पडू शकतं. जागा सापडली नाही तर नाकात पॅक घालतात. ते मात्र सुखाचं नसतं, खोटं कशाला बोलू. मागून रक्त असेल तर भरती व्हावं लागतं. कधी फुगा फुगवून दाबतात, कधी दुर्बिणीने आत जाऊन ती धमनीच बंद करतात.

पुन्हा होऊ नये म्हणून: झोपताना करंगळीच्या टोकावर थोडं व्हॅसलिन घेऊन नाकपुडीच्या आत, अगदी दारातच लावा, खोल नाही. दिवसा दोन-तीनदा मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे. एसी २५-२६ वर, झोत तोंडावर नको. रक्त थांबल्यावर दोन दिवस नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून शिंका, आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने पुन्हा फुटतं. नखं कापा.

काका दर उन्हाळ्याच्या तोंडाला मला नाक दाखवायला येतात, त्रास नसला तरी. गेल्या मार्चमध्ये आले तेव्हा काकूंनी पर्समधून एक जाड पुठ्ठा काढला, लग्नपत्रिकेचा कापलेला. त्यावर काकांच्या सगळ्या गोळ्यांची नावं, वेळा, स्टेंटची तारीख, हृदयाच्या डॉक्टरांचा आणि माझा नंबर. तसेच दोन पुठ्ठे आणखी होते, एक फ्रिजवर लावायला, आणि एक वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांसाठी. त्यांच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने एक ओळ जास्त होती: ‘रक्त आलं तर नाक दाबणे. गोळी देऊ नये, बंदही करू नये. फोन करणे.’ काकू म्हणाल्या, “त्यांना राग आला जरा, पण लावलाय त्यांनी.”